आम्ल कीं अल्क?

जीवशास्त्राचा विद्यार्थी बहुधा रसायनशास्त्राला भिऊन जीवशास्त्राकडे वळलेला असतो. फुलें, पांखरें, बेडूक, मनुष्याचें शरीर, हे त्याच्या आवडीचे विषय. पण पहिल्याच वर्षीं त्याच्यापुढें मोल, आयन, समतोल आणि लॉगॅरिथम यांनीं भरलेलें पुस्तक येऊन पडतें, आणि या सर्वांचा जिवंत प्राण्याशीं काय संबंध असा प्रश्न त्याच्या मनांत उभा राहतो. घरांतील वडील माणसांसहि तो प्रश्न रास्त वाटतो. मुलाला डॉक्टर व्हावयाचें आहे, मग त्यानें समीकरणें कशाला घोकावयाचीं? क्रमिक पुस्तकें या प्रश्नाचें उत्तर देण्याच्या भानगडींत पडत नाहींत. तीं व्याख्या देतात. व्याख्या पाठ होते, परीक्षेंत लिहिली जाते, आणि पुढें विसरलीहि जाते.

१९५२ सालच्या ऑगस्ट महिन्यांत डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथें हा प्रश्न पुस्तकाबाहेर येऊन रुग्णालयाच्या दारांत उभा राहिला. रोग्यांच्या रक्ताचा एक आंकडा डॉक्टरांसमोर होता. तो बिनचूक मोजलेला होता. त्याचा अर्थ मात्र उलटा लावला जात होता. रक्त आम्ल झालें आहे कीं अल्क, एवढाच काय तो वाद. परंतु त्याच्या निकालावर माणसें जगणार कीं मरणार हें अवलंबून होतें. ती हकीकत नीट समजण्यास रसायनशास्त्रांतील तीनचार गोष्टी पुरतात, आणि त्या बहुतेक घरच्या घरीं मांडून पाहतां येतात.

आरंभ हळदीपासून करावा. हळदींत चुना कालवला कीं ती लाल होते. कुंकू करण्याची जुनी रीत या रंगबदलावरच बसविलेली आहे. लाल झालेल्या हळदीवर लगेच लिंबू पिळलें तर ती पुन्हां पिवळी होते. हळदीच्या रंगद्रव्याच्या रेणूंतून चुना हायड्रोजनचा एक कण काढून घेतो, आणि लिंबू तो परत देतें. हा कण म्हणजे हायड्रोजनचा आयन. हायड्रोजनच्या अणूंत एकच इलेक्ट्रॉन असतो. तो निघून गेला कीं उरतो नुसता प्रोटॉन, धन विद्युत् असलेला. पाण्यांत तो एकटा हिंडत नाहीं, पाण्याच्या रेणूला चिकटून राहतो आणि एका रेणूकडून दुसऱ्याकडे सहज सरकतो. जो पदार्थ हा कण देतो तो आम्ल, जो घेतो तो अल्क. जिभेला लागणारी आंबट चव हा त्याचाच परिणाम. ही सुटसुटीत व्याख्या १९२३ सालीं ब्रॉन्स्टेड यांनीं केली, आणि इंग्लंडांत लौरी यांना ती त्याच वर्षीं स्वतंत्रपणें सुचली. ब्रॉन्स्टेड हे कोपनहेगनचे. या हकीकतींत त्या शहराचें नांव वारंवार येणार आहे.

दुसरी गोष्ट मोजदादीची. रसायनक्रिया वजनानें होत नाहीं, कणास कण अशी होते. एका आम्लकणाला एक अल्ककण लागतो, मग त्यांचीं वजनें कांहींहि असोत. म्हणून कण मोजावे लागतात, आणि ते अति सूक्ष्म असल्यामुळें मोजण्याचें मापहि अवाढव्य घ्यावें लागतें. डझन म्हटलें कीं बारा. तसें मोल म्हटलें कीं सहावर तेवीस शून्यें देऊन होते त्याहून किंचित् अधिक इतके कण. हायड्रोजनच्या आयनांचा एक मोल सुमारें एक ग्रॅम भरतो आणि सोडियमचा तेवीस ग्रॅम; पण दोहोंत कणांची संख्या एकच. विद्यार्थी मोलाला घाबरतो, वास्तविक तो वाण्याच्या डझनाहून अधिक गूढ नाहीं. आतां हें माप रक्ताला लावून पाहावें. रक्तांतील पातळ पिवळसर द्रवाच्या एका लिटरांत सोडियमचे आयन मोलाच्या हजारांश भागांनीं मोजल्यास १४० भरतात. हायड्रोजनचे आयन मात्र ०.०००००००४ मोल, म्हणजे सोडियमच्या पस्तीस लाख आयनांमागें एक. वजनानें पाहिलें तर एका ग्रॅमचे अडीच कोटी भाग करून त्यांतला एक घ्यावा, इतकेंच तें.

इतक्या क्षुल्लक प्रमाणाची दखल शरीरानें कां घ्यावी, हा प्रश्न मनांत येणें साहजिक आहे. त्याचें उत्तर कोपनहेगन येथील एका प्रयोगशाळेंत मिळालें. ती एका मद्य गाळणाऱ्याच्या पैशानें चालत होती. याकोब्सेन या बिअरच्या कारखानदारानें १८७५ सालीं कार्ल्सबर्ग प्रयोगशाळा काढली. बिअर आंबविण्याची क्रिया शास्त्रीय रीतीनें समजावी हा तिचा हेतु. तेथील रसायनविभागाचे प्रमुख सोरेन्सेन हे एन्झाइमांचा, म्हणजे जिवंत पेशींतील क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांचा, अभ्यास करीत होते. एकच एन्झाइम एका द्रावणांत झपाट्यानें काम करतें आणि दुसऱ्यांत जवळजवळ निपचित पडतें, याचें कारण द्रावणांतील हायड्रोजन आयनांचें प्रमाण हें त्यांनीं मोजून दाखविलें. पण ते प्रमाण लिहितांना दर वेळीं शून्यांची माळ ओढावी लागे. म्हणून १९०९ सालीं त्यांनीं फक्त दशांशाची पायरी सांगणारा आंकडा योजिला, तोच पीएच्. लिटरांत एक कोट्यंश मोल आयन असले कीं पीएच् सात, हें शुद्ध पाण्याचें माप. त्याच्या दसपट असले कीं सहा, शंभरपट असले कीं पांच. लिंबाचा रस दोनच्या आसपास येतो, दूध साडेसहाच्या किंचित् वर, आणि निरोगी मनुष्याच्या रोहिणींतील रक्त ७.४, म्हणजे थोडेंसें अल्काकडे झुकलेलें. जीवशास्त्रज्ञाला जाच वाटणारें हें माप मुळांत जीवशास्त्रासाठींच जन्मास आलें, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांनीं सांगावयास हरकत नव्हती.

या मापांत एक फसगत आहे. आंकडा उतरतो तेव्हां आम्लता चढते; शिवाय ती पायरीपायरीनें न चढता पटीनें चढते. ७.४ चा ७.१ झाला तर नवख्याला तो फरक किरकोळ वाटतो. वस्तुतः तेवढ्यांत हायड्रोजनचे आयन दुप्पट झालेले असतात. ६.८ वर आले कीं चौपट. आणि त्याच्याहि खालीं उतरलेला मनुष्य क्वचितच वांचतो.

आयन दुप्पट झाल्यानें बिघडतें तें प्रथिनांचें. प्रथिनाचा रेणु हा लांब साखळीची विशिष्ट घडी घातलेली गुंडाळी असते. साखळीवर ठिकठिकाणीं धन व ऋण विद्युत् असलेल्या जागा असतात. त्यांचें एकमेकांना ओढणें व लोटणें यांवर ती घडी टिकते, आणि घडी टिकली तरच प्रथिनाचें काम चालतें. हायड्रोजनचा आयन एखाद्या जागेवर येऊन बसला कीं तिची विद्युत् बदलते आणि घडी ढळते. हिमोग्लोबिनाचें उदाहरण प्रसिद्ध आहे. रक्तांत कर्बाम्लवायु वाढला कीं हिमोग्लोबिनाची प्राणवायूवरील पकड सैल होते, हें १९०४ सालीं क्रिश्चन बोर, हासेलबाल्ख आणि क्रोग यांनीं दाखविलें, तेंहि कोपनहेगन येथेंच. (अणुरचनेमुळें पुढें जगद्विख्यात झालेल्या नील्स बोर यांचे हे क्रिश्चन बोर वडील.) राबणाऱ्या स्नायूपाशीं कर्बाम्लवायु जास्त असतो, म्हणून तेथेंच प्राणवायु अधिक सुटतो, ही मर्यादेंतली ढळ उपकारक आहे. मर्यादा सुटली म्हणजे मात्र हृदयाचे ठोके, मज्जातंतूंचे संदेश, स्नायूंचें आकुंचन, सारेंच बिघडूं लागतें.

कर्बाम्लवायु म्हणजे कार्बन डायऑक्साइड. जुन्या पुस्तकांनीं दिलेलें हें नांव नव्या नांवाहून बोलकें आहे, कारण त्यांत आम्ल शब्द आहे. हा वायु पाण्यांत शिरला कीं त्याचा कांहीं भाग पाण्याशीं संयोग पावून कर्बाम्ल होतो, आणि तें आम्ल हायड्रोजनचा आयन सोडून देतें. मागें उरतें तें बायकार्बोनेट, म्हणजेच खाण्याच्या सोड्यांतील सोडियमचा जोडीदार. ही क्रिया दोन्ही दिशांनीं चालते, आणि सारें मर्म तेथेंच आहे. गोटी सोड्याची बाटली पाहावी. तींत वायु दाबून भरलेला असतो, म्हणून पाणी आंबट. गोटी आंत ढकलतांच दाब सुटतो, वायु फसफसून बाहेर पडतो, आणि क्रिया उलट फिरते. उघडी बाटली तासभर ठेवली तर पाण्याची आंबट चव बरीच उतरते. दुसरा प्रयोग ढोकळ्याच्या पिठावर रोज होतो. खाण्याच्या सोड्यावर लिंबू पिळलें कीं लिंबाचे आयन बायकार्बोनेटाला चिकटतात, कर्बाम्ल बनतें, त्याचा वायु होऊन तो उडून जातो. आंबटपणा वायुरूपानें घराबाहेर गेला. शरीर हाच प्रयोग अहोरात्र करीत असतें. स्वस्थ पडून राहिलेला मनुष्यहि दिवसाकाठीं सुमारें तेरा मोल, म्हणजे वजनानें अर्ध्या किलोहून अधिक, कर्बाम्लवायु तयार करतो. पांच लिटर रक्त धरलें तरी त्यांतील हायड्रोजनचे सुटे आयन एका मोलाचा पन्नास लाखावा भाग भरतात. एवढा वायु फुप्फुसांच्या दारानें निमूटपणें निघून जातो म्हणूनच रक्त आंबट होत नाहीं.

रक्ताचा पीएच् या दोहोंच्या भागाकारावर ठरतो: वर बायकार्बोनेट, खालीं विरघळलेला कर्बाम्लवायु. १९०८ सालीं अमेरिकेंत हेंडर्सन यांनीं हा संबंध मांडला, आणि १९१६ च्या सुमारास कोपनहेगनच्या हासेलबाल्ख यांनीं त्याला लॉगॅरिथमाचें रूप दिलें. निरोगी रक्तांत बायकार्बोनेट २४ आणि वायु १.२, दोन्ही मोलाच्या हजारांश भागांत. भागाकार वीस. वीसचा लॉगॅरिथम १.३, त्यांत या आम्लाचा ठरलेला आंकडा ६.१ मिळविला कीं बरोबर ७.४ येतात. वरचा आंकडा मुख्यतः मूत्रपिंडें सांभाळतात, सावकाश, तासातासांनीं आणि दिवसादिवसांनीं. खालचा आंकडा फुप्फुसें सांभाळतात, श्वासागणिक. पीएच् हा या दोहोंपैकीं एकट्याचा सांगतां येत नाहीं, तसा दोहोंच्या बेरजेवरूनहि सांगतां येत नाहीं. कोपनहेगनच्या रुग्णालयांत हाती होती ती नेमकी बेरीज.

१९५२ च्या उन्हाळ्यांत त्या शहरांत पोलिओची, म्हणजे त्या काळीं बालपक्षाघात म्हटल्या जाणाऱ्या रोगाची, भयंकर सांथ आली. ब्लेग्दाम रुग्णालयांत कांहीं दिवशीं पन्नासपर्यंत रोगी येत. त्यांपैकीं अनेकांचे श्वासाचे स्नायु लुळे पडलेले, कित्येकांचा घसाहि लुळा, त्यामुळें लाळ गिळतां येत नसे आणि ती श्वासनलिकेंत उतरे. श्वास चालविण्यासाठीं सर्व अंग आंत घेणारें लोखंडी पेटीसारखें यंत्र एक होतें, आणि नुसत्या छातीवर बसणारीं सहा. श्वासाचा पक्षाघात झालेल्या पहिल्या ३१ रोग्यांपैकीं २७ दगावले.

मरणापूर्वीं या रोग्यांच्या अंगाला दरदरून घाम सुटे, रक्ताचा दाब चढे, मग शुद्ध हरपे. प्राणवायु त्यांना दिला जात होता आणि अंगावर निळेपणा दिसत नव्हता, म्हणून श्वासोच्छ्वास पुरेसा आहे असें वाटे. प्रयोगशाळेकडून येणारा आंकडा रक्तांतील एकंदर कर्बाम्लवायूचा होता. तो काढण्याची रीत अशी कीं रक्तांत तीव्र आम्ल घालावें आणि जो वायु निघेल तो मोजावा. ढोकळ्याच्या पिठांत होतें तेंच येथें होतें: आधींपासून विरघळलेला वायु बाहेर येतो आणि बायकार्बोनेटाचाहि वायु होऊन बाहेर येतो. दोहोंची बेरीज हाती लागते, आणि तींत बायकार्बोनेटाचाच भाग फार मोठा असल्यामुळें ती बायकार्बोनेटाची म्हणूनच वाचली जाते. या रोग्यांत ती बरीच वाढलेली असे. बायकार्बोनेट अल्क, तें वाढलेलें, तेव्हां रक्त अल्क झालें आहे, असें अनुमान निघालें. अल्कता कोठून आली हें मात्र कोणासच सांगतां येईना.

आंकड्यांनीं ही फसगत उघड करून पाहावी. एका रक्तांत बायकार्बोनेट ३४ आणि वायु १.२ असा समजावा. भागाकार सुमारें २८, पीएच् ७.५५, रक्त अल्क. दुसऱ्यांत बायकार्बोनेट ३२ आणि वायु ३ असा धरावा. भागाकार अकराच्याहि आंत, पीएच् ७.१३, रक्त घातक प्रमाणांत आम्ल. दोहोंची बेरीज मात्र ३५ च्या आसपास एकच. पहिल्या रोग्याचा श्वास मंद पडला तरी धोका नाहीं. दुसरा श्वासावांचून मरत आहे. शिवाय दुसऱ्या रक्तांत बायकार्बोनेट वाढलें तें कशानें, हेंहि ध्यानांत घ्यावें. कोंडलेला वायु पाण्याशीं संयोग पावून आयन सोडतो, ते आयन हिमोग्लोबिनादि प्रथिनें उचलतात, आणि बायकार्बोनेट मागें उरतें. मूत्रपिंडेंहि तें हळूहळू राखून ठेवूं लागतात. म्हणजे जें अल्काचें लक्षण समजलें गेलें तें आम्लाचेंच उरलेलें माप होतें.

हें बोलून दाखविलें तें ब्योर्न इब्सेन या भूल देणाऱ्या डॉक्टरांनीं. रुग्णालयांतील ब्योर्नेबो नांवाच्या डॉक्टरांनीं त्यांचें नांव सुचविलें, आणि मुख्य डॉक्टर लासेन यांनीं २५ ऑगस्ट रोजीं त्यांना सल्लामसलतीस बोलाविलें. भूल देणाऱ्याला कर्बाम्लवायु कोंडलेला मनुष्य कसा दिसतो हें रोजच्या कामांतून ठाऊक असतें: घाम, चढलेला दाब, मग बेशुद्धि. प्राणवायु पुरविला कीं अंगाचा रंग तांबूस राहतो, पण वायु बाहेर नेण्याचें काम प्राणवायु करीत नाहीं. तें हवेच्या ये-जा करण्यानेंच होतें. या दोन गोष्टी निराळ्या आहेत हें लक्षांत न घेतल्यानें आजहि चुका होऊं शकतात. इब्सेन यांचें म्हणणें थोडक्यांत असें, कीं रोगी अल्कतेनें मरत नसून कोंडलेल्या वायूनें मरत आहेत, आणि फुप्फुसांत नळीवाटे हवा भरली व सोडली तर ते वांचतील.

२७ ऑगस्टला हें करून पाहण्याची संधि मिळाली. बारा वर्षांची एक मुलगी, चारी अवयव लुळे, स्वतःच्याच लाळेंत गुदमरत असलेली. तिच्या गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेंत फुगीर कडेची नळी बसविण्यांत आली, म्हणजे वरून लाळ उतरणार नाहीं आणि खालून हवा निसटणार नाहीं. नळीला रबराची पिशवी जोडली. आरंभीं कांहींच जमेना. मुलगी धडपडत होती आणि तिची छाती पिशवीच्या हवेला वाट देईना. इब्सेन यांनीं तिला शिरेंतून झोपेचें औषध दिलें. ती गळून पडली, आणि जमलेल्यांपैकीं कांहींजण आतां आशा नाहीं असें समजून तेथून निघून गेले, असें सांगतात. पण धडपड थांबतांच पिशवीची हवा फुप्फुसांत जाऊं लागली. नळी व पिशवी यांच्या दरम्यान सोडा मिसळलेल्या चुन्याचा डबा होता. बाहेर येणारा कर्बाम्लवायु त्यांतील चुना पकडून ठेवी. भिंतीला दिलेला चुना हवेंतील हाच वायु घेऊन घट्ट होतो, तीच ही क्रिया. घाम आटला, दाब उतरला, अंग सुकें आणि ऊबदार झालें. मग तिला छातीवरच्या यंत्रावर ठेवून पाहिलें, तर तीं लक्षणें परत आलीं. पुन्हां पिशवी घेतली, तीं गेलीं. मुलगी त्या सांथींतून वांचली.

वाद अर्थातच लक्षणांवर मिटावयाचा नव्हता. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेचे प्रमुख पौल आस्ट्रुप यांनीं काचेच्या विद्युदग्राचें यंत्र आणून रोग्यांच्या रक्ताचा पीएच् प्रत्यक्ष मोजला. हें माप त्या वेळीं रुग्णालयांत नित्याचें नव्हतें, कारण तें किचकट असे. सोरेन्सेन यांना होऊन तेव्हां त्रेचाळीस वर्षें लोटलीं होतीं. रक्त आम्ल निघालें. बेरीज आणि भागाकार दोन्ही हाती आल्यावर वायूचें प्रमाण गणितानें काढतां येतें, आणि पुढील वर्षांत आस्ट्रुप यांनीं त्यासाठीं सुलभ पद्धति बसविली. हल्लीं अतिदक्षता विभागांत रोहिणींतून थोडें रक्त घेऊन कांहीं मिनिटांत पीएच्, कर्बाम्लवायूचा दाब आणि बायकार्बोनेट असे तीन आंकडे एकाच कागदावर मिळतात, त्याची सुरुवात या सांथींत आहे. अशा विभागाची कल्पनाहि तेथलीच. इब्सेन यांनीं १९५३ च्या डिसेंबरांत कोपनहेगनच्या दुसऱ्या एका रुग्णालयांत तो सुरू केला.

राहिला प्रश्न पिशव्या दाबणार कोण. एका वेळीं सत्तरपर्यंत रोगी, आणि यंत्रें नाहींत. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना हांक घालण्यांत आली, दंतवैद्यकाचेहि आले. सुमारें पंधराशें विद्यार्थ्यांनीं पाळीपाळीनें, दिवसा व रात्रीं, हातांनीं पिशव्या दाबून एकंदर एक लाख पासष्ट हजार तास श्वास चालविला. फार जोरानें दाबलें तर वायु वाजवीपेक्षां अधिक निघून रक्त खरोखरच अल्क होई, कमी दाबलें तर आम्ल; भागाकाराचा खालचा आंकडा अक्षरशः त्यांच्या मुठींत होता. शंभरांत सत्त्याऐंशीं मरत होते तेथें हें प्रमाण चाळिसांच्या आसपास आणि पुढें त्याहूनहि खालीं आलें. सर्वच वांचले नाहींत. कित्येकांचे प्राण विद्यार्थ्याच्या हातांत पिशवी असतांनाच गेले. मुलें शुद्धीवर असत, बोलतां मात्र येत नसे. डोळे आणि ओंठ यांवरून त्यांना काय हवें तें ओळखावें लागे. कांहीं विद्यार्थी त्यांना गोष्टी वाचून दाखवीत.